ताटलीचा आवाज

तिसऱ्या किमोच्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरच्या शकिलाबींनी मला विचारलं, "बाई, सब में ज्यादा बुरा किसका लगता तुमकू? बालों का?" आम्हा दोघींच्या हातांना सलाईन लावलेलं होतं, दोघींच्या डोक्यांना रुमाल होते आणि वेळ काढायला गप्पांशिवाय दुसरं काही नव्हतं. मी म्हणाले, "मांजराचं." त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायच्या थांबल्या.

आजारातून उठलेल्या माणसाला सगळे सांगतात, लिहा, दुसऱ्यांना धीर येईल. धीर माझ्याकडं फारसा नव्हताच, तेव्हा तो मी कुठून देणार? माझ्याकडं एक चूक आहे, ती देते. ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट आलाय आणि ज्यांच्या घरात एखादं भित्रं जनावर आहे, त्यांनी एवढं वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी ना नाही.

बुजी

दौलताबाद रस्त्यावरच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. बुजी मला तिथंच सापडली, खिचडीच्या शेडमध्ये, मोठ्या पातेल्यांच्या मागं. पोरांनी खडे मारून तिचा एक कान फाडलेला होता. माझ्याच वर्गातली पोरं होती ती, हेही सांगून टाकते. मी तिला खोक्यात घालून पडेगावला घरी आणलं. खोका उघडल्याबरोबर ती मागच्या खोलीतल्या पलंगाखाली गेली आणि पुढं कित्येक महिने आम्हाला तिचं फक्त शेपूट दिसलं.

दिनकर म्हणजे माझे यजमान, वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. ते आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या घरात एक मांजर आहे, असं मी ऐकून आहे." नावही त्यांनीच ठेवलं. बुजरी म्हणून बुजी.

तिला माणसाळवायला मी शाळेतलीच युक्ती वापरली. लहान पोरांना घड्याळ कळत नाही, पण घंटा कळते. सकाळी साडेपाचला, वंदनेच्या आधी, आणि संध्याकाळी सहाला मी एका काठ चेपलेल्या स्टीलच्या ताटलीत दूध-भाकरी कुस्करायची, चमच्यानं तीनदा टण् टण् टण् करायची आणि पाठ फिरवून उभी राहायची. आधी ती मी खोलीबाहेर गेल्यावर खायची. मग पाठ फिरवलेली असताना खायला लागली. मग एके दिवशी तिनं माझ्या घोट्याला कपाळ घासलं आणि मी अख्खा दिवस वर्गात कुणाला रागावले नाही.

पुढं तिचं सगळं त्या घंटेवर चालायचं. दिवसभर मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, भिंतीवर, कुठं कुठं असायची. ताटली वाजली की मागच्या खोलीच्या खिडकीतून आत. त्या आवाजाचा अर्थ तिच्या लेखी एकच होता, की ये, इथं मीच आहे, दुसरं कुणी नाही. दिनकरांनी ताटली वाजवली तर यायची नाही. मला त्याचा गर्व होता. आता वाटतं, तो गर्वच आधी नडला.

उशीर

गाठ हाताला लागली तेव्हा फेब्रुवारी होता. परीक्षा झाल्या की बघू म्हटलं. शिक्षकांना असं वाटतं की आजारसुद्धा वेळापत्रक बघून येईल. एप्रिलात पेपर तपासून झाले आणि मग डॉक्टरांकडं गेले.

रिपोर्ट सांगणारे डॉक्टर वयानं माझ्या पहिल्या बॅचच्या पोरांएवढे असतील. ते हळू आणि नीट बोलले. मला त्यातलं पहिलं वाक्य कळलं आणि नंतर फक्त त्यांचे ओठ हलताना दिसले. दिनकरांनी विचारलं, "शाळेला सुट्टी लागल्यावर ऑपरेशन केलं तर चालेल का?" प्रश्न माझा होता, पण तोंड त्यांचं. बाहेर आल्यावर त्यांनी पार्किंगमध्ये गाडीची किल्ली तीन खिशांत शोधली. ती गाडीलाच लावलेली होती.

घरी पोचायला साडेसात वाजले. बुजी मागच्या भिंतीवर बसून होती. मी ताटली वाजवली, पण हात इतका कापत होता की तीनच्या जागी सहा-सात वेळा वाजली. ती खिडकीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. आत आली नाही. तिची वेळ चुकायची ती पहिलीच खेप. त्या दिवशी मी पलंगावर पडून स्वतःसाठी रडत होते, तिच्याकडं कुठून बघणार?

ट्रॉली

ऑपरेशनचं फार सांगत नाही. वॉर्डात सकाळी सहाला ताप बघायचे, सातला चहा, नऊला ड्रेसिंगची ट्रॉली. ट्रॉलीवर स्टीलचा ट्रे असायचा आणि त्यात कात्र्या-चिमटे. ती कोपऱ्यावरच्या पहिल्या खाटेपाशी आली की खुळखुळ ऐकू यायची, आणि माझी खाट नववी. पहिल्या खाटेपासून नवव्या खाटेपर्यंत मी चादर तोंडावर ओढून खाटा मोजत राहायची. प्रत्यक्ष ड्रेसिंग तेवढं दुखायचं नाही, पण तो आवाज ऐकवत नसे.

एका सिस्टरच्या हे लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं ट्रेमध्ये कापडाची घडी अंथरली आणि ट्रॉली मुकी झाली. इस्पितळातल्या सगळ्या औषधांत मला त्या घडीचं नाव आधी आठवतं. आवाजानं अंगात भीती कशी बसते हे मला तिथं कळलं होतं. तरी महिन्या-दीड महिन्यात मी जे केलं ते केलं.

भरलेलं घर

मी घरी आले तर घर ओळखू येईना. दिनकरांच्या थोरल्या बहीण, आक्का, पिशोरहून येऊन राहिल्या होत्या. आई गेल्यावर दिनकरांना त्यांनीच वाढवलेलं. दोन एकर रान त्या एकट्या बघतात, मका आणि अद्रक. पेरणीच्या तोंडावर ते सगळं शेजाऱ्यावर टाकून त्या माझं करायला आल्या. माझी वेणी घालायच्या, अंग पुसायच्या, माझ्या पोटात काही ठरत नसे तर दर तासाला वाटीभर पेज घेऊन उभ्या राहायच्या. "खा गं बाई. दोन घास. मी मोजते."

माझी खाट मागच्या खोलीत टाकली, कारण ती शांत. मला उकाडा सोसेना म्हणून दिनकरांनी कूलर आणला आणि तो बसवला मागच्या खोलीच्या खिडकीत. घरात तीन मोठी माणसं होती, तिघांच्याही डोक्यात आलं नाही की ती खिडकी नव्हती, बुजीचं दार होतं.

शिवाय माणसं. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जायची रीत आहे आणि ती लोक मनापासून पाळतात. सफरचंदं, शहाळी, पेंडखजूर घेऊन पाच-पाच जण यायचे. "जयभीम वहिनी, कसं काय?" करत थेट खाटेपाशी. कुणी खाटेवर बसे, कुणी स्टुलावर, पोरं खाली वाकून विचारत, "मॅडम, मांजर कुठंय?" आणि पलंगाखाली हात घालत. मला माणसं हवीशीही वाटत आणि नकोशीही. बुजीला फक्त नकोशी वाटत.

आक्कांचा हात स्वच्छतेला चांगला. बुजीचं कोपऱ्यातलं पोतं त्यांनी फेकून दिलं, फरशी फिनेलनं पुसली. ताटली सहाला वाजायची ती कधी सातला, कधी आठला, मी गुंगीत असले तर वाजायचीच नाही. आक्का दारात भाकरी टाकायच्या, "ये गं, मर गं, खा" म्हणायच्या. बुजी खायची नाही. ती पलंगाखाली भिंतीला चिकटून बसायची आणि बाहेर जायची वाट नसल्यामुळं तिथंच घाण करायची. एकदा आक्कांच्या अंथरुणावर केली.

"लई घाणेरडं जनावर हाय हे," आक्का म्हणाल्या.

मीही म्हणाले, "अशी नव्हती हो आधी." दार आम्ही बंद केलं होतं आणि घाणेरडी ती ठरली.

गोणी

दुसऱ्या किमोनंतर मला ताप भरला. पांढऱ्या पेशी खाली गेल्या म्हणून चार दिवस पुन्हा इस्पितळ. सुट्टी देताना सांगितलं, जंतुसंसर्गापासून सांभाळा, गर्दी टाळा. आमच्या घरानं त्याचा अर्थ काढला, मांजर टाळा. येणाऱ्या प्रत्येकानं दुजोरा दिला. मांजराच्या केसानं दमा होतो, मांजराच्या श्वासानं अमुक होतं, एका बाईंच्या भावजयीच्या बहिणीचं काय झालं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. फक्त डॉक्टरांना विचारलं नाही.

का नाही विचारलं? लाज वाटली. बाहेर बाकावर माणसं एकमेकांना धरून बसलेली, कुणाचा घास उतरत नाही, कुणाच्या लेकराला पाचवं वर्ष लागलेलं नाही, आणि मी पन्नाशीची बाई आत जाऊन विचारू, की साहेब, आमच्या मांजराचं काय करू? मला ते शोभेल असं वाटेना. पोरांना सव्वीस वर्षं सांगत आले, शंका विचारायला लाजू नका. आपलं ज्ञान आपल्या उपयोगी पडत नाही, म्हणतात ते असं.

आक्का म्हणाल्या, "मी दोन दिस गावाकडं चालले, पेरणीचं बघून येते. हिला घेऊन जाते. तिकडं उंदीर लई हायेत, मजेत राहील. तू बरी झाली की बघू."

जिनं पेरणी सोडून माझी उलटी धरली तिला नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर मला मरायची भीती वाटत होती. मी म्हणाले, "न्या."

पण ती सापडेना. दिनकरांनी पलंग उचलला, ती कपाटामागं गेली. आक्कांनी झाडू घातला, ती माळ्यावर गेली. तासभर हे चाललं. शेवटी आक्का घाम पुसत म्हणाल्या, "तुझ्या ताटलीला येती ना ती? वाजव की."

मी खाटेवरून उतरून फरशीवर बसले. ताटलीत दूध-भाकरी कुस्करली. आणि बरोबर तीनदा, पहिल्यासारखी, शांत, एका लयीत वाजवली. त्या दिवशी माझा हात अजिबात कापला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

बुजी माळ्यावरून उतरली. पोट जमिनीला घासत, थांबत थांबत आली. मला वाटतं, कितीतरी दिवसांनी घंटा वेळेवर झाली म्हणून आली असेल. माझ्या गुडघ्याला कपाळ घासलं आणि ताटलीत तोंड घातलं. आक्कांनी मागून गोणी टाकली.

तिनं मला ओरबाडलं नाही. ओरडलीही नाही, गोणीचं तोंड बांधेपर्यंत. आमच्याकडं मांजर सोडायची पद्धत आहे, गोणी आपल्या डोक्याभोवती तीनदा फिरवायची, म्हणजे त्याला परतीची वाट आठवत नाही. आक्कांनी फिरवली. मग दिनकरांच्या मोटारसायकलवर मागं बसून, गोणी मांडीवर धरून त्या पिशोरला गेल्या. त्याच सकाळी मी पंचशील म्हटलं होतं. कुठल्याही जिवाला इजा करणार नाही, हे त्यातलं पहिलंच.

ताटली तशीच फरशीवर होती. तिनं दोन घास खाल्ले होते.

विचारायला काय जातं?

आता तिसऱ्या किमोच्या त्या खोलीत परत येते. मी मांजराचं वाईट वाटतं म्हणाले आणि शकिलाबींना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "डॉक्टर को पूछे थे क्या?" मी नाही म्हणाले. त्या शहागंजच्या, शाळेचं तोंड न बघितलेल्या. मला म्हणाल्या, "पूछने में क्या जाता बाई? मेरे घर में बकरी का बच्चा है, मैं तो पहले दिन पूछी."

आणि डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्यांनीच हाक मारली. "साब, इनकी बिल्ली का बताओ."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझी फाइल बंद केली आणि म्हणाले, "मांजर आहे का घरात? असू द्या. तिची घाण तुम्ही काढू नका, दुसऱ्या कुणाला काढू दे. ओरखडा लागू देऊ नका, हात धूत जा. ताप आला तर लगेच सांगा. एवढं पाळलं तर लांब पाठवायची गरज नाही."

"पाठवली," मी म्हणाले.

ते म्हणाले, "आधी विचारायचं ना, मॅडम." आणि पुढच्या खुर्चीकडं गेले.

घरी आल्यावर मी दिनकरांना म्हणाले, "तुम्ही दर वेळी सोबत होतात. तुम्हाला नाही विचारता आलं?" ते म्हणाले, "मांजर तुझं होतं." मी म्हणाले, "गोणी तुम्ही नेलीत." सव्वीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना इतकं वाईट क्वचित बोललो असू. मग त्यांनी भात लावला, करपवला, आणि आम्ही दोघांनी तो तसाच खाल्ला. आजारपणात नवराबायकोचं भांडण आजारावरून होत नाही. ते मांजरावरून होतं, करपल्या भातावरून होतं.

फोनवरची बुजी

पिशोरला बुजी पहिल्याच दिवशी पत्र्याच्या गोठ्यात कडब्याच्या ढिगावर चढून बसली होती. आक्का आमच्याकडं पुन्हा आठवडाभर येऊन गेल्या, मग मला जरा चालता-फिरता येऊ लागल्यावर कायमच्या गावी परतल्या. त्यांचा फोन यायचा. "खाली येत नाय गं. भाकर तशीच ऱ्हाती. पार वाळून गेली."

मी दिनकरांना म्हणाले, आजच्या आज जाऊन आणा. ते रविवारी गेले. दिवसभर थांबले, आणि मोकळ्या हातानं आले. ती कुणाच्या हाताला लागेना. मला प्रवासाला मनाई. मग मला वाटलं, मी हुशार आहे. मी फोनवर आक्कांना सांगितलं, "एखादी ताटली घ्या आणि चमच्यानं तीनदा वाजवा. सावकाश."

फोनमधून मला तो आवाज ऐकू आला. टण् टण् टण्. मग आक्कांचा, "अगं अगं अगं!" बुजी ढिगावरून उडी मारून पत्र्याच्या फटीतून जी पळाली ती मक्यात शिरली. अकरा दिवस दिसली नाही.

चौथी किमो त्या अकरा दिवसांत झाली. मला तिचं काही आठवत नाही. मका तेव्हा डोक्याएवढा झाला असेल, त्यात कोल्हे येतात, रानात कुत्री असतात, एवढंच डोक्यात होतं. आधीचा आवाज तिनं पुऱ्या विश्वासानं ऐकला होता. मी तो एकदा खोटा वापरला, आणि आता त्याचा अर्थ गोणी असा झाला होता. ज्यांना वॉर्डातली ट्रॉली माहीत आहे त्यांना मला हे समजावून सांगायला नको.

बाराव्या दिवशी आक्का म्हणाल्या, "दिसली. बांधावर. लई वाळली. आता काय करू, सांग."

आक्का मला विचारत होत्या! मी सांगितलं, हाक मारू नका. वाजवू नका. रोज एकाच जागी, एकाच वेळी भाकरी ठेवा आणि पाठ करून बसा. बघू नका, कितीही वाटलं तरी. आणि ती वेळ चुकवू नका.

आक्का म्हणाल्या, "सहाला ठेवते. तुझी सहाचीच सवय ना तिला?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला त्यांचा फोन यायचा. दिवसभर रानात राबलेली बाई, तिला बोलायला त्राण नसायचं. एकच शब्द. "खाल्ली." किंवा, "अर्धीच." किंवा, "नाय आली, उद्या येईल." पाचव्या आणि सहाव्या किमोत माझे दिवस त्या फोनवर गेले. नखं काळी पडली, जिभेची चव गेली, पण साडेसहाला मी फोन हातात घेऊन उठून बसायची. आक्कांबद्दल माझ्या मनात जो राग होता तो कधी गेला ते कळलं नाही. स्वतःबद्दलचा मात्र तसाच आहे.

तुमच्या घरात असेल तर

शिक्षिका आहे, चार गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिपोर्ट आला की आधी एवढं करा, की जनावराला खायला घालायची सवय घरातल्या दुसऱ्या हाताला लावा. तुम्ही इस्पितळात असताना घंटा कुणीतरी वाजवायला हवी. एकटीनंच तिचं लाडकं असण्याची हौस मी केली आणि ती तिला भोवली. तिची वाट कुठली ते बघूनच कूलर बसवा. तिचं मळकं पोतं धुऊ नका, फेकू तर मुळीच नका. घरात तेवढीच एक वस्तू तिच्या वासाची उरलेली असते. भेटायला येणाऱ्यांना पुढच्या खोलीत बसवा आणि एक दार लावून घ्या, ते दार तुमच्याही उपयोगी पडेल. पलंगाखालून कुणी तिला ओढून काढू नये. अन्न एका वेळेला, एका जागी, मग घरात काहीही कोसळलेलं असो. आणि डॉक्टरांना विचारा. बावळट वाटलं तरी विचारा. शकिलाबींसारखं, पहिल्या दिवशी.

आणखी एक. ज्या आवाजाला ती येते तो आवाज कधीही तिला धरायला वापरू नका.

पिशोर

दिवाळी झाली. माझे रिपोर्ट चांगले आले. डोक्यावर बोटभर केस उगवले, पांढरे आणि मऊ. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली तशी मी दिनकरांना म्हणाले, "चला, तिला घेऊन येऊ." त्यांनी मागच्या खोलीतला कूलर आधीच काढून ठेवला होता. खिडकीची जाळी पुसून ठेवली होती. मी सांगितलं नव्हतं.

झाकणाची वेताची टोपली घेतली. पिशवीत ती काठ चेपलेली ताटली आणि चमचाही घेतला, रुमालात घट्ट गुंडाळून, वाटेत वाजू नये म्हणून.

आम्ही पाचला पोचलो. आक्कांनी चहा केला आणि मला ओट्यावर त्यांच्या शेजारी बसवलं. दिनकर घरातच थांबले. सहाला आक्कांनी गोठ्याच्या दाराशी एका जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या थाळीत दूध-भाकरी ठेवली, काही न बोलता माघारी आल्या, गोठ्याकडं पाठ करून बसल्या आणि अद्रक निवडायला लागल्या. मी तिरकी बसले होते. मला दिसत होतं.

बुजी कडब्यावरून उतरली. भरली होती, रानातली झाली होती. फाटका कान तोच. तिनं सगळी भाकरी खाल्ली, पंजे चाटले, आणि हळूहळू ओट्यापाशी येऊन आक्कांपासून हातभर अंतरावर बसली. शेपूट पायांभोवती गुंडाळून.

आक्कांनी मान न वळवता विचारलं, "बसली का?"

"बसली."

"रोज बसती, असं वाटतं खरं. मी बघत नाय. तूच म्हणली व्हती, बघू नको."

माझा हात पिशवीत होता. रुमालाची गाठ सुटली होती. एकदा टण् केलं असतं तर मला कळलं असतं की ती अजून माझी आहे का. मी बोटं ताटलीवर ठेवली आणि ठेवूनच राहिले. ती माझ्याकडं बघत होती, डोळे मोठे करून, उठायच्या तयारीत.

आक्का हळूच म्हणाल्या, "टोपली आण. मी धरते. आता येती माझ्या हाताला कधी कधी."

"नको, आक्का."

"कामून? तुझी हाय ती. माझ्यामुळं गेली, माझ्याच हातानं देते."

मी म्हणाले, "मी एकदा फसवली. आता तुम्ही फसवलीत तर तिला कुणीच राहणार नाही."

आक्का अद्रकाची माती झाडत राहिल्या. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "मंग तू येत जा. सहाला मी हितंच असते."

टोपली आम्ही रिकामी आणली. मागच्या खोलीची खिडकी आता उघडीच असते, तिच्यातून आता नुसता वारा येतो. ती ताटली मी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली आहे. दिनकर चहात साखर ढवळताना चमचा कपाला लागू देत नाहीत, कधीपासून ते त्यांनाही सांगता येणार नाही.

महिन्यातून एकदा मी पिशोरला जाते. पाचला पोचते, सहाला आक्कांच्या शेजारी ओट्यावर बसते, आता मीसुद्धा पाठ करूनच. आम्ही दोघी अद्रक निवडतो. मागच्या खेपेला माझ्या पाठीला काहीतरी हलकंसं घासून गेलं. शालीचं टोक असेल, वारा होता. मी मान वळवली नाही.

"आक्का," मी विचारलं, "ती होती का हो?"

"मला काय म्हाईत?" आक्का म्हणाल्या. "मी तरी कुठं बघते."